फसवणुकीनंतरचा पहिला तास

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फसवणूक ही समाजाला नवी नाही. दागिने उजळून देण्याच्या मिषाने सोने घेऊन पसार होणारे भामटे, अल्पावधीत दामदुप्पट देण्याचे वचन देऊन एका रात्रीत कुलूप लावणाऱ्या पेढ्या, पैशांचा पाऊस पाडणारे भोंदू हे सारे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनी पाहिलेले आहे. परंतु त्या भामट्याला गावात यावे लागे, चार लोकांना तोंड दाखवावे लागे आणि पळताना वेस ओलांडावी लागे. आजचा ठकसेन वेशीपर्यंत येत नाही. तो शेकडो कोसांवर बसून थेट घरातील माणसाच्या कानाशी बोलतो. त्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याचे सांगितलेले नावही खरे नसते.

या संकटाची व्याप्ती किती वाढली आहे, हे केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या आकड्यांवरून ध्यानात येते. सायबर मार्गाने झालेल्या फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हीच रक्कम सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर गेली. एका वर्षात तिपटीहून अधिक झालेली ही वाढ आहे. या रकमेत निवृत्त शिक्षकाची भविष्य निर्वाह निधीची पुंजी आहे, बचत गटातील भगिनींची गंगाजळी आहे आणि कापूस विकून नुकतेच खात्यावर आलेले शेतकऱ्याचे पैसेही आहेत.

म्हणूनच या विषयाचा विचार केवळ पोलीस खात्यावर सोपवून चालणार नाही. ज्यांच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतो, त्या शिक्षकांनी, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी तो आपला मानला पाहिजे.

गळ आणि आमिष

या फसवणुकीच्या एका प्रमुख प्रकारास ‘फिशिंग’ असे म्हणतात. मासेमारीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाशी उच्चारसाम्य राखून हे नाव रूढ झाले आणि ते सर्वार्थाने समर्पक आहे. कोळी एकाच माशासाठी गळ टाकत नाही. कोणता मासा लागेल हे त्यालाही ठाऊक नसते. त्याचप्रमाणे एकच संदेश हजारो भ्रमणध्वनींवर धाडला जातो. बँकेचे खाते बंद होणार आहे, केवायसी अद्ययावत करा. टपालाचे पार्सल अडकले आहे. वाहनाचा दंड थकला आहे. योजनेचा हप्ता जमा होण्यासाठी पुढील दुव्यावर माहिती भरा, अशी त्याची नाना रूपे असतात. २०२२ च्या सुमारास वीजबिल न भरल्याने रात्री साडेनऊ वाजता पुरवठा खंडित होईल, असे खोटे संदेश राज्यभर फिरले आणि महावितरणला ग्राहकांसाठी वारंवार सावधानतेचे आवाहन करावे लागले.

अशा संदेशातील दुव्यावर बोट ठेवले की बँकेच्या संकेतस्थळासारखेच दिसणारे बनावट पान उघडते. त्यावर भरलेले खाते क्रमांक, परवलीचे शब्द आणि ओटीपी थेट ठकसेनाच्या हाती पडतात. दुसऱ्या प्रकारात दुव्याऐवजी ‘एपीके’ नावाची फाईल येते. ती कधी लग्नपत्रिका म्हणून, कधी दंडाची पावती म्हणून, तर कधी शेतकरी सन्मान निधीची यादी म्हणून पाठविली जाते. ती उघडून स्थापित केली की येणारे लघुसंदेश परस्पर वाचले जाऊ शकतात. मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

बँकेचे संकेतस्थळ ओळखण्याची एक खूण रिझर्व्ह बँकेने उपलब्ध करून दिली आहे. देशातील बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा आदेश तिने एप्रिल २०२५ मध्ये दिला. हा पत्ता केवळ बँकांनाच मिळतो. मात्र पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव दिसले एवढ्यावर विसंबू नये. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी पत्त्याचा शेवट कोणत्या शब्दांनी होतो, ते पाहावे. तसेच सेवाविषयक दूरध्वनी १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे दूरध्वनी १४० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळविले. साध्या दहा आकडी क्रमांकावरून ‘बँकेचा साहेब’ बोलू लागला, तर तेथेच संशय घ्यावा.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय व्यवहारांबाबत एक नियम तर शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना पाठ असला पाहिजे. पैसे पाठविताना किंवा शिल्लक पाहताना पिन लागतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जुनी मोटारसायकल विकत घेतो असे सांगून ‘पैसे पाठविले आहेत, मिळण्यासाठी पिन टाका’ असे म्हणणारा मनुष्य पैसे देत नसून नेत असतो. परक्या व्यक्तीकडून पैशांची मागणी पाठविण्याच्या सोयीचा असा दुरुपयोग होऊ लागल्यामुळे व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तथापि, पैसे मिळतील असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करण्यास लावणे व पिन टाकावयास लावणे ही युक्ती अद्याप चालूच आहे.

भीतीचा व्यापार

लोभ हे एक आमिष. भीती हे दुसरे आणि अधिक जालीम. सुशिक्षित, निवृत्त आणि कायद्याला मानणारा मनुष्य लोभाला एक वेळ बळी पडत नाही, पण भीतीला पडतो. त्याला दूरध्वनी येतो की, त्याच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, अथवा त्याच्या आधार क्रमांकावरून काळ्या पैशाचा व्यवहार झाला आहे. मग चित्रफितीवर गणवेशधारी ‘अधिकारी’ अवतरतो. त्याच्यामागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका आणि चौकशी संपेपर्यंत रक्कम शासनाच्या खात्यात ठेवा’ असे फर्मान सुटते. कित्येक माणसे अशा रीतीने दिवसेंदिवस आपल्याच घरात कैद होऊन बसलेली आहेत.

येथे कायदा काय म्हणतो, हे माहीत असणे हीच ढाल आहे. भारताच्या कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा तयार व्हावा लागतो आणि त्यावर कुटुंबातील व्यक्तीची अथवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष घ्यावी लागते. अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते; हा हक्क तर संविधानाच्या अनुच्छेद २२ नेच दिलेला आहे. खऱ्या अटकेला कायदा साक्षीदार मागतो आणि बनावट अटक एकांत मागते. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ऐकू येताच दूरध्वनी बंद करून शेजाऱ्याला हाक मारावी, एवढी एक गोष्ट गावोगाव रुजली तरी पुष्कळ घरे वाचतील.

पहिला तास

इतके असूनही माणूस फसतो. त्यानंतर काय करावयाचे, हा आजच्या विवेचनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

चोरलेली रक्कम एका खात्यात थांबून राहत नाही. ती काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरविली जाते आणि शेवटी एखाद्या एटीएममधून रोख काढली जाते किंवा आभासी चलनात रूपांतरित केली जाते. रक्कम बँकांच्या साखळीत आहे तोवरच ती अडविता येते. याकरिता केंद्रीय गृह मंत्रालयाने १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक सुरू केला आहे. या क्रमांकावर तक्रार नोंदविताच ज्या बँकेत पैसे गेले, त्या बँकेकडे सूचना जाते. रक्कम तेथे असल्यास ती रोखून धरली जाते. पुढे गेली असल्यास सूचनाही तिच्या मागोमाग पुढील बँकेकडे जाते. ही पैसा आणि सूचना यांच्यातील शर्यत आहे. तक्रारदाराने तीन दिवस विचार करण्यात घालविले, तर ती शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते.

तक्रार करताना स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक, बँकेचे नाव व खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, दिनांक, वेळ आणि रक्कम एवढी माहिती हाताशी ठेवावी. आलेले संदेश पुसून टाकू नयेत. तेच पुरावे असतात. त्याच वेळी बँकेस कळवून खाते व कार्ड गोठवावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवावी. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता नोंदविण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे दाखवून द्यावे. रोखून धरलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकास परत मिळू शकते.

बँकेच्या दायित्वाबाबतही वेळेलाच महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून याविषयीची तत्त्वे ठरवून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू केली. बँकेचा अथवा ग्राहकाचा दोष नसून त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाला असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास त्याचा भार ठरावीक मर्यादेपर्यंतच राहतो. साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा १० हजार रुपये ठरविण्यात आली. ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याने सोसावे. परंतु कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे, असेही हे परिपत्रक सांगते. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली, त्यालाही त्वरित कळविण्यात लाभच आहे.

असे असताना माणसे गप्प का बसतात? याचे कारण लाज हे होय. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मराठी माणसाच्या अंगी मुरलेली आहे. इतर व्यवहारांत ती शहाणपणाची असेल. या व्यवहारात मात्र झाकलेली मूठ रिकामी होत जाते. मास्तर एवढे शिकलेले, तरी फसले. सूनबाईने घरातले पैसे घालविले. अशा टोमण्यांच्या भयाने तक्रार लांबते. ठकसेनाला सर्वांत मोठी मदत त्याच्या यंत्रसामग्रीची होत नसून या टोमण्यांची होते. फसलेला मनुष्य अपराधी नाही, त्याच्यावर अपराध घडलेला आहे. घरात चोरी झालेल्या माणसाला गाव हसत नाही; मग यालाच का हसावे?

भाड्याने दिलेले खाते

या साखळीचा एक दुवा मात्र गावातच सापडतो. लुटीचा पैसा फिरविण्यासाठी ठकसेनांना अन्य लोकांच्या नावांची बँक खाती लागतात. ‘तुझे खाते व एटीएम कार्ड आम्हाला वापरू दे, महिन्याला काही हजार घे’ असे आमिष महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना व बेरोजगार तरुणांना दाखविले जाते. खातेदाराला हा सोपा धंदा वाटतो. परंतु तपास सुरू होतो तेव्हा पोलीस प्रथम पोहोचतात ते त्याच्याच दारी. तरुणाच्या नावावर गुन्हा नोंदविला जातो, खाते गोठते आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले खाते, कार्ड अथवा सिमकार्ड दुसऱ्यास देणे म्हणजे आपली सही केलेला कोरा कागद देणे होय, हे प्रत्येक शिक्षकाने वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना समजावून सांगावे.

‘सिबिल’ची चिंता

फसवणुकीचा आणखी एक प्रकार आहे, तो उशिरा उघडकीस येतो. समजा, एखादा शेतकरी कर्ज मागावयास बँकेत गेला आणि ‘तुमचे सिबिल खराब आहे’ असे उत्तर त्याला मिळाले. आपण तर कोठेही थकबाकी ठेवली नाही, मग हे कसे? चौकशीअंती कळते की, कधी काळी कोणास तरी दिलेल्या आधार व पॅन कार्डांच्या प्रतींवर त्याच्या नावे परस्पर कर्ज उचलले गेले आहे.

‘सिबिल’ हे वास्तविक एका कंपनीचे नाव आहे. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या अधिनियमानुसार देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या कर्जदारांच्या परतफेडीचा तपशील ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमधील गुणांक काढतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा नागरिकाचा हक्क २०१७ पासून अस्तित्वात आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होतो, ही समजूत निराधार आहे. चारही कंपन्यांचे अहवाल तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागविल्यास वर्षभर एका पैशाचाही खर्च न करता लक्ष ठेवता येते.

अहवालात अनोळखी कर्ज अथवा फेडूनही थकीत दाखविलेले कर्ज आढळल्यास संबंधित कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्यावी. कर्ज बनावट असेल तर पोलीस तक्रारीची प्रत जोडावी; फेडलेले असेल तर ना-देय दाखला जोडावा. ३० दिवसांत निराकरण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घातले. त्यानेही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

दोन गैरसमज येथेच दूर केले पाहिजेत. पूर्वी कधीही कर्ज न घेतलेल्या व्यक्तीचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नये, असे मुख्यमंत्र्यांनीही त्याच वर्षी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. दुसरे असे की, ‘हजार रुपयांत सिबिल दुरुस्त करून देतो’ असे म्हणणारा मनुष्य खरी नोंद पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद सुधारण्यास त्याची आवश्यकता नसते. चिंतेत सापडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटण्याचाच तो धंदा होय.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपविषयीही तीच दक्षता हवी. कर्जदाराच्या भ्रमणध्वनीतील संपर्क क्रमांक व छायाचित्रे यांत शिरकाव करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच मनाई केली. तिच्या नियंत्रणाखालील संस्थांच्या कर्ज ॲपची यादी १ जुलै २०२५ पासून तिच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. त्या यादीत नसलेल्या ॲपच्या वाटेस जाऊ नये.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

या सर्व उपायांचा उपयोग गावातील यंत्रणा जागी असेल तरच होईल. त्यासाठी खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, रेशन दुकान आणि दूध संकलन केंद्र यांच्या भिंतीवर १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांत रंगवावा. ग्रामसभेत वर्षातून किमान दोनदा हा विषय घ्यावा. प्रत्येक वाडीवस्तीवर एक शिक्षक वा सदस्य असा असावा की, फसलेल्या व्यक्तीने रात्रीदेखील त्याचे दार ठोठवावे आणि त्याने कोणताही प्रश्न विचारण्यापूर्वी १९३० फिरवावा. दोष कोणाचा, याची चर्चा दुसऱ्या दिवशी करता येईल.

शासकीय कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कामकाजाकडेही पाहावे. लाभार्थ्यांच्या याद्या आधार, खाते व भ्रमणध्वनी क्रमांकांसह व्हॉट्सॲप गटांवर टाकल्या जातात. त्या याद्या कोणाच्या हाती जातील, याचा नेम नसतो. ठकसेनाने नाव, गाव आणि योजना अचूक सांगितली की माणसाचा विश्वास बसतो. ही अचूक माहिती कधी कधी अशा यादीतूनच गेलेली असते. नागरिकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये अधिनियम संमत केला आहे. त्याची भावना कार्यालयाच्या रोजच्या सवयींत उतरली पाहिजे. त्याचप्रमाणे कार्यालयांनी योजनांची माहिती देताना कोठून तरी आलेले दुवे पुढे ढकलू नयेत. शासनाचा खरा संदेश आणि ठकसेनाचा खोटा संदेश एकाच वळणाचे दिसू लागले, तर नागरिकाने भेद कसा करावा? अधिकृत पत्ता फलकावर लिहावा आणि लोकांना तो स्वतः टंकित करण्यास शिकवावे.

डिजिटल व्यवहारांनी ग्रामीण जीवनास दिलेली सोय मोलाची आहे. अनुदान मध्यस्थांवाचून खात्यावर येते, मुंबई-पुण्यातून मुलाने धाडलेले पैसे क्षणात घरी पोहोचतात. भीतीपोटी या सोयीकडे पाठ फिरविणे हा उपाय नव्हे. रस्ता झाला म्हणजे वाहतुकीचे नियमही शिकावे लागतात. ते शिकविण्याचे काम ज्यांच्यावर येते, ते या सभागृहात बसलेले आहेत. गावातील एखाद्या वृद्धेने ‘बाळ, मी फसले गं’ असे म्हणत दार ठोठावले, तर पुढील काही मिनिटांत काय घडते, त्यावर तिची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असेल. त्या मिनिटांत तिला उपदेश मिळू नये, मदत मिळावी.